कोचनं बाहेर बसवलेला जानू

अरे, कॉलेजच्या फुटबॉल टीमला फिटनेस कोच हवाच कशाला, यावरून काल कर्जत स्टेशनाबाहेर चहावर जुंपली. बाळ्या तावातावानं म्हणाला, "कोच असून आपल्या जानूचा गुडघा गेलाच ना? मग काय उपयोग रं त्याचा?"

कोंडाण्याचा जानू, आपला स्ट्रायकर, तिथंच बाकावर पाय लांब करून बसलेला. गेल्या वर्षी फायनलआधी दिवसभर शेतात भाताची लावणी करून त्याचा गुडघा सुजला, म्हणून कोचनं त्याला बाहेर बसवलं. पण "चिखलातला गडी हाय, त्याला काय होतंय!" म्हणत बाळ्याच्या टोळक्यानं त्याच्या नावानं मैदान डोक्यावर घेतलं. शेवटी कोचचं न ऐकता तो उतरला.

जानू एवढंच बोलला, "सरांनी मला बसवलं व्हतं, बाळ्या. उठवलं तुमी. यंदा लावणीला आय एकटीच वाकली."