पन्नास मिनिटांवरचा मुलगा

मी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय ५४, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर. गावात मला ‘चष्मेवाली ताई’ म्हणतात. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः समोर बसून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझी आई, वय ७९, अशा दोघी राहतो. धाकटा भाऊ विमानाचा कॅप्टन असून शेजारच्या जिल्ह्याच्या शहरात राहतो. तिथला आणि इथला, दोन्ही विमानतळ लहान आहेत. विमानाने पन्नास मिनिटे लागतात. रस्त्याने घाट आहे, अख्खा दिवस मोडतो. हेच विमान भाऊ आठवड्यातून तीनदा इकडे घेऊन येतो. आमचे घर विमानतळापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. तरी सहा वर्षांत तो घरी आलेला नाही. विचारले की म्हणतो, “ताई, विमान अर्धाच तास थांबतं. मला बाहेर पडता येत नाही.” आई म्हणाली, मग मीच फाटकाशी येते. त्यावर म्हणाला, “नको, सगळ्यांसमोर बरं दिसत नाही.” आईला हे बरे दिसले. मला दिसले नाही.

आई तरीही विमानाच्या वेळेला कुंपणाशी जाऊन उभी राहत असे. डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने तिला नुसता आवाज कळायचा. त्यावर ती समाधानी होती. गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. नवा चष्मा मीच करून दिला.

काल दुपारी मी तिच्यासोबत होते. निघण्याआधी कॅप्टन खाली उतरून विमानाभोवती फेरी मारतो, चाके, पंखे तपासतो. आईने त्याला ओळखले. म्हणाली, “अगं, किती वाळलाय.” तिने लाडाच्या नावाने हाक मारली. त्याने वळून पाहिले. नीट पाहिले. मग पुन्हा चाकाकडे वाकला.

सामानाच्या गाडीसाठी फाटक उघडे होते. मी थांबवेपर्यंत आई आत गेली. पहारेकऱ्याने तिला दंडाला धरले. तो भला माणूस आहे, त्याची काही तक्रार नाही. त्याने भावाला विचारले, “कॅप्टन, या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का?”

भाऊ म्हणाला, “नाही. बाहेर न्या, उशीर होतोय.”

विमान वेळेवर गेले. संध्याकाळी भावाचा फोन आला. “चौकशी लागली असती, ताई. तूच समजून घे.” मी तोंडावर बोलत नाही असा माझा लौकिक आहे. काल बोलले. ते इथे लिहिण्यासारखे नाही. भावाची किळस आली, एवढे लिहावे.

आईवर परवानगीशिवाय आत शिरल्याचा आरोप आहे. कॅप्टन तुमचा मुलगा असेल तर तसे सांगा, घरचे प्रकरण म्हणून समज देऊन सोडतो, असे साहेबांनी तिला माझ्यासमोर समजावून सांगितले. आईने चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला. म्हणाली, “नाही हो साहेब. माझा मुलगा फार लांब असतो. त्याला यायला जमत नाही.”

आमच्या दोघींचे म्हणणे जुळत नाही, असे साहेबांनी मला दाखवून दिले. मी माझे बदलणार नाही. आईचेही बदलू नये.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून सही करते.