मागून उघडं, मागून बंद

...आणि धुकं तरी किती पडावं, त्याला काही मर्यादा? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले तरी समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं, थंडी अशी की नळाखाली धरलेला हात आपलाच आहे की नाही याची खात्री नाही, तिकडे द्राक्षवाले बागेत शेकोट्या करून बसलेले, अन् इकडे मी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, कांद्याच्या गोणीत बारा-तेरा किलोचं मशीन घालून, गोणीचं तोंड सुतळीनं शिवून, ओट्यावर रिक्षाची वाट बघतोय. कशासाठी? तर पेटी घ्यायला. कसली पेटी? भजनाची नाही, कपड्यांची नाही. गिटारची. म्हणजे गिटार ठेवायची पण नाही. गिटारचा आवाज जिच्यातून बाहेर पडतो, ती.

थांबा, असं नाही कळायचं. मला कळायला चार वर्षं लागली, तुम्हाला लगेच कसं कळेल... आधीपासून सांगतो. घाई नाही ना कुणाला? मला तर नाहीच.

हर्षल माझा नातू. त्याला नाशकात इंजिनियरिंगला जागा मिळाली तेव्हा माझ्या मुलानं, रविराजनं, इथं घर घेतलं अन् मला देवळ्याहून उचलून आणलं. म्हणाला, "आबा, पोराजवळ तुम्ही राहा, तेवढाच त्याला आधार." राहिलो. चार वर्षं पोळ्या मी लाटल्या, आधार कुणाचा कुणाला ते सोडा. रोज चारला हर्षल कॉलेजातून यायचा, बूट एकीकडे, दप्तर दुसरीकडे, खोलीत जायचा अन् ती विजेची गिटार लावायचा. आता ही गिटार मुकी असते. वायर जाते मशीनमध्ये, त्याला म्हणायचं हेड. त्यात काचेचे बल्ब तांबडे होतात. हेडमधून दुसरी वायर जाते पेटीत, पेटीत स्पीकर, तेव्हा कुठं आवाज. तयार होणार एकीकडे, बाहेर पडणार दुसरीकडे, सरकारी योजनेसारखं. बटण दाबलं की आधी नुसतं घूंऽऽ करायचं. विहिरीवर मोटर लावल्यावर पाणी यायच्या आधी पाइप कसा घुमतो, तसं. ते घूं आलं की मी गॅसवर चहा ठेवायचो. आलं पोरगं.

मग कॉलेज संपलं, पोरगं हैदराबादला नोकरीला. गिटार बरोबर नेली. पेटी मित्राची होती, ती मित्र घेऊन गेला. हेड जड म्हणून पलंगाखाली राहिलं. अन् मी... मी पण राहिलो. घर बंद ठेवू नये म्हणतात ना, भिंतींना ओल धरते.

शेजारी कोण, तर ढुंढिराज. कचेरीतून रिटायर, बायको श्यामलाबाई पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. आमची भिंत एकच. ह्या माणसाला भिंतीतून सगळं ऐकू जातं अन् ऐकू गेलेलं सगळं मला सांगायचं असतं. "मल्हारीराव, आज कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, डाळ करता की दगड?" "मल्हारीराव, तुमचा नळ टपटपतोय, मी रात्री थेंब मोजले." हर्षल वाजवायचा तेव्हा तर हा माणूस फाटकाशी येऊन घड्याळ दाखवायचा नुसता, तोंडानं काही नाही.

तर डिसेंबरात मी हर्षलला फोन केला, म्हटलं, ये की चार दिवस. तर म्हणतो, "आबा, येऊन काय करू? तिथं वाजवायला कॅबिनेट पण नाही." म्हणजे ती पेटी. मी म्हटलं, आणतो पेटी. तो हसला. म्हणाला, "आणा. पण क्लोज्ड बॅक आणा आबा, मागून बंद असलेली. ढुंढिराज काका परत घड्याळ दाखवतील." झालं. शब्द दिला. आता पेटी आली तर पोरगं येणार, नाही तर नाही, सरळ हिशोब. पेटी हेडला जुळायला हवी म्हणून ती गोणी, म्हणून ते धुकं, म्हणून ती रिक्षा.

दुकान कॉलेज रोडच्या एका गल्लीत. दुकानात एकच मुलगी, तेजश्री. मी गोणी टेबलावर ठेवली, दाभणानं सुतळी उसवली, हेड बाहेर काढलं. तिनं हेडकडे बघितलं, गोणीकडे बघितलं, कांद्याची दोन सालटं बोटानं उचलून बाजूला ठेवली. शहाणी मुलगी, हसली नाही. म्हणाली, "आजोबा, हे पेटीशिवाय कधी चालू केलं नाही ना? ह्याच्यासमोर पेटी नसली अन् चालू ठेवलं, की आतल्या आत जळतं."

मी म्हटलं, "असणार."

मग तिनं तीन पेट्या दाखवल्या. एक आपली कपाटाएवढी, चार स्पीकरची. ती दारातून आत गेली असती तर मला बाहेर झोपावं लागलं असतं. राहिल्या दोन, एकेका स्पीकरच्या. वरून दोन्ही सारख्या, काळ्या, जाळीच्या. मुलगी म्हणते, "आता तुम्हीच सांगा आजोबा, मागून उघडं की मागून बंद?"

आता तुम्हाला सांगतो, आयुष्यात शाळेची पायरी चढलो नाही. लाइटबिल आलं तर ढुंढिराजकडून वाचून घेतो, अन् तो बिलाबरोबर चार शब्द आणखी ऐकवतो. पण हा प्रश्न? हा प्रश्न मला कळला! चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय? देवळ्यात कांदा साठवायच्या चाळी बांधल्या मी. बांबूच्या भिंती, फटी ठेवून, जमिनीपासून दोन फूट उचललेल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, मल्हारी, मागची बाजू पत्र्यानं बंद कर, चोर शिरेल. मी म्हणायचो, चोर आला तर दोन गोण्या नेईल, वारा आला नाही तर सगळी चाळ सडेल. मागून बंद करायची नाही. कांद्याला मागून वारा लागतो. माणसाला लागत नाही का?

पण पोरानं सांगितलेलं बंद. म्हटलं, बाई, दोन्ही वाजवून दाखव.

तिनं गिटार घेतली अन् वाजवली, अन् मी गेलो पेटीच्या मागं. ती म्हणते, "आजोबा, समोर उभं राहून ऐकतात."

"ते समोर राहणाऱ्यांनी ऐकावं," मी म्हटलं. "तो खोलीत वाजवणार, दार लोटून. मी मागं, स्वयंपाकघरात. मला मागूनच ऐकायचंय."

बंद पेटी वाजली. समोर दणका, काच थरथरली, अन् मागं? घोंगडी पांघरून कुणी बोलावं तसं. मग उघडी वाजली. अहो, ती मागून पण तेवढीच वाजली! मला शोधत आल्यासारखी. मी तिथंच खाली बसलो, गुडघ्याचं निमित्त करून.

तेजश्री म्हणाली, "नातवानं काय सांगितलंय? मागून उघडं की मागून बंद?"

मी म्हटलं, "काही नाही सांगितलं."

चौऱ्याहत्तर वर्षांत खोटं बोललो नाही असं नाही, कांद्याच्या धंद्यातच होतो शेवटी. पण नातवाच्या बाबतीत हे पहिलंच.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला पेटी घेऊन आला. मी दारात उभा. तो माझ्या खांद्यावरून आत बघतो अन् विचारतो, "बाबा, घरात कोणी नाही का? सही घ्यायचीय." मी समोर उभा आहे, धोतरासकट. म्हटलं, अंगठा चालेल का? चालला.

आता पेटी लावली हर्षलच्या खोलीत, पाठ स्वयंपाकघराच्या भिंतीकडे, मध्ये वीतभर जागा. अन् रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डोक्यात आलं, मल्हारी, स्पीकरचा पडदा कागदाचा. मागून उघडं. झुरळं शिरतील, कसर लागेल, उंदीर तर आमच्याकडे पोस्टमनसारखा ठरल्या वेळी येतो. पोरगं येईपर्यंत पडद्याची चाळणी. मग? आपल्याकडे चाळ भरायच्या आधी काय करतात? तळाला कडुलिंबाचा पाला. कॉलनीच्या कोपऱ्यावर झाड आहेच. सकाळी उठलो, दोन काखा पाला आणला, पेटीत तळाला चांगला चार बोटं थर दिला, हातानं सारखा केला. काय वास सुटला म्हणता, एकदम देवळ्याचा. मी खूश.

पंधरा दिवसांनी हर्षल आला. शनिवारी सकाळी गिटार घेऊन आला, मंगळवारपर्यंत राहणार. पेटी बघून त्यानं मला उचललं, खरंच उचललं, माझी टोपी पडली. मग वायरी लावल्या, बटण दाबलं. घूंऽऽ. मी स्वयंपाकघरात, चहा ठेवलेला, श्वास धरून. अन् त्यानं पहिली तार छेडली.

खर्रर्रर्र.

दुसरी छेडली. खर्रर्र. अहो, वाळलेला पाला तो, पंधरा दिवसांचा, पापडासारखा झालेला, स्पीकर हलला की सगळा नाचायचा. पण हे मला तेव्हा कळतंय का? मला वाटलं, हेच आजकालचं संगीत असेल. पण पोराचं तोंड उतरलं. पेटीसमोर बसला, जाळीला कान लावला, बटणं फिरवली. सगळं समोरून बघितलं. मागं वाकून कोण बघतंय? वायर लावताना नुसता हात घालून चाचपलं त्यानं, तेवढ्यावर म्हणाला, "उघडी आहे ही. मी बंद सांगितलं होतं ना, आबा?"

मी म्हटलं, "बंद संपल्या होत्या." दुसरं खोटं.

"स्पीकर फाटलाय ह्याचा. गंडवलं तुम्हाला." रागावला नाही हो. रागावला असता तर बरं झालं असतं. मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ द्या, आबा." अन् बॅगेतून कानाला लावायचं काढलं, ते मोबाइलला, मोबाइलमधून गिटारला, काहीतरी जोडलं, अन् बसला वाजवत. त्याच्या कानात सगळं गाणं, अन् मला बाहेर काय? नुसती तारांची टिकटिक. पाल भिंतीवर चालावी तशी. एवढा खटाटोप केला मागून उघडं की मागून बंद म्हणून, अन् शेवटी पोरगंच सगळ्या बाजूंनी बंद. मंगळवारचं रविवारवर आलं. कुणीतरी मित्र पुण्याला बोलावतोय म्हणाला. गेला.

मग आला मला राग. स्वतःचा नाही, तेजश्रीचा. परत रिक्षा, परत दुकान, ह्या वेळी पेटी मांडीवर. म्हटलं, बाई, म्हाताऱ्याला फाटका माल देतेस? तिनं पेटी उचलली, पाठीमागची बाजू खाली केली अन् हलवली.

भर दुकानात पाला. चार बोटं थर तो, वाळला तरी किती भरतो! दोन कॉलेजची पोरं आली होती, ती तर खाली बसून हसायला लागली. तेजश्रीनं एक काडी उचलली, हुंगली.

"आजोबा, हे काय आहे?"

"पाला."

"ते दिसतंय. पण का?"

मी म्हटलं, "सडू नये म्हणून."

तिनं झाडून घेतलं, पुसलं, गिटार लावून वाजवली. स्वच्छ. एक खर नाही. अन् मला म्हणाली, "समोर या की, आजोबा," तरी मी मागंच उभा राहिलो, सवय.

घरी येऊन आधी हर्षलला फोन. "अरे, खरखर गेली. पाला होता. माझीच चूक. ये आता." तिकडून आवाज, "आबा, मीटिंगमध्ये आहे. बरं झालं गेली ते. दिवाळीत बघू." दिवाळी. आता जानेवारी चालू आहे, मधला सगळा कांदा निघायचाय, उन्हाळी साठवायचाय, विकायचाय...

तर तुम्हाला सांगतो, हसू नका. हर्षल जाताना गिटारची वायर हेडला तशीच लोंबती ठेवून गेलेला. एके दिवशी चारला पेटीची वायर हेडला जोडून मी बटण दाबलं. बल्ब तांबडे झाले. घूंऽऽ. नुसतं घूं, पुढं काही नाही. पण मागून उघडी ना पेटी, ते घूं स्वयंपाकघरात आलं. मी चहा ठेवला. पाच वाजेपर्यंत घूं, पाचला बंद. दुसऱ्या दिवशी परत. जवळजवळ महिना झाला. भांडी घासताना वाटतं, आहे कुणीतरी खोलीत, आता छेडेल तार. नाही छेडत तर नाही छेडत, पोरं कुठं लगेच ऐकतात.

अन् ढुंढिराजचं काय, म्हणाल तुम्ही. तीच धाकधूक. रोज वाटायचं, आता येईल, आता घड्याळ दाखवेल. पेटी उघडी, भिंत एक, त्याच्या घरात जातच असणार. महिनाभर हा माणूस आला नाही, त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. एवढं साठवून बोलायला येईल तेव्हा काय काय बोलेल? काल म्हटलं, मल्हारी, पुरे झाला वेडेपणा. रिकामी मोटर चालवून पाणी येतं का कधी? पेटीवर ती कांद्याची गोणी पांघरली, हेड परत पलंगाखाली सारलं अन् चारला चहा न ठेवता बसून राहिलो.

सव्वाचारला फाटक वाजलं. ढुंढिराज. मफलर, हातात घड्याळ. म्हटलं, आली वरात, ऐकून घ्यायचं. मी दार उघडून त्याच्या समोर उभा, हातभर अंतरावर. त्यानं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत, खोलीकडे बघितलं, अन् विचारलं, "काय हो मल्हारीराव, चार वाजून गेले... आज घरात कोणी नाही का?"