मोहुर्लेटोलीची पहिली पेंढी

नाई उठत मी. तुया नवा बोर्ड आहे मायाखाली, मालूम आहे मले, आंधळी नाई झाली अजून — टिनाचा आहे, मोडत नाई, अन् रंग ओला आहे तं लागू दे लुगड्याले. काय लिवलं त्याच्यावर म्हणतो? आदर्शनगर. मूठभर घरं, एक पाण्याची बोडी, बसस्टॉपात शेळ्या बांधतात लोकं — अन् म्हणे नगर. बस बाबू, तूही बस, शिडी काई पळून नाई जात. पंचायतीनं पाठवलं तुले, तुया काई दोष नाई.

हे मोहुर्लेटोली आहे. काऊन मोहुर्ले? मायाच सासऱ्याच्या आज्यानं, लटारू मोहुर्ल्यानं, इथी झाडं तोडून बोडी खोदली — ते समोरची, पाळीवर मोहाचं झाड आहे ना, तेच. तवा सारं जंगल होतं, वाघ पाण्यावर ये. मंग बोडीच्या पाण्यानं धान झाला, धानामागं लोकं आले, टोली बसली. तवापासून रीत आहे — रोवणा लागला का धानाच्या रोपांची पहिली पेंढी मोहुर्ल्याच्या हातानं चिखलात जाते, बोडीखालच्या वावरात, बांधीत. तोवर कोणीच रोवत नाई. ट्रॅक्टरनं चिखल करून ठेवला असू दे, बाया पदर खोचून उभ्या असू दे — मोहुर्ल्याचा हात लागला पाहिजे.

मोहुर्ले कुठी आहेत म्हणतो? गेले. कोणी गडचिरोलीले, कोणी चंद्रपूरले, कोळशाच्या खाणीत. सरपंच तेच बोलला ग्रामसभेत, माईकवर — आता तिथी एकही मोहुर्ला राहत नाई, नाव बदलून टाकू म्हणे. मी समोरच बसली होती, बाबू. पुढच्या सतरंजीवर. कोणी मान वळवून नाई पाह्यलं मायाकडे.

मायं माणूस? हेमराज — आहे ना, चंद्रपूरले आहे. येते कधीमधी — नाई येत. तुयापाशी काऊन खोटं बोलू. दुसरी केली त्यानं. मले म्हणाला, माहेरी जा. नाई गेली. त्या साली रोवण्याले टोलीत एक मोहुर्ला नव्हता, पऱ्हे रोवल्याबिगर पिवळे पडून राह्यले होते, अन् बुढे भांडून राह्यले होते, टाकलेल्या बाईचा हात चालते का म्हणून — मायापुढंच. मी कोणाले काई विचारलं नाई. लुगडं खोचलं, पेंढी उचलली, उतरली बांधीत, लावली. तवापासून दरसाल मीच लावतो, अन् धान होते. सरपंचाच्या बांधीतही होते — तो भात खाते ना तो?

त्यानं मले सोडलं, मी नाव नाई सोडलं. सोडून कुठी जाऊ? टोलीच मोहुर्ल्याची नाई राह्यली तं माया हात कोणाचा? मंग कोण बोलावते मले बांधीवर? — रडत नाई मी. ऊन लागते डोळ्याले.

जुना बोर्ड पुसट झाला म्हणतो ना, तं त्यालेच रंग मार. मोठं लिव, मोहुर्लेटोली. अन् त्याच्या खाली मायं नाव लिव, रुखमा — नाई. खाली काई नको लिवू, तेवढंच लिव. लिवत नसशील तं उचल शिडी अन् जा. सरपंचाले सांग, एक मोहुर्लीण राहते तिथी. तुमच्या बोर्डावर बसून आहे म्हणा.