दिवा जरा खाली घ्या हो!

...नाही, मी काय म्हणते, दिवा लावूच नका असं कोण म्हणतंय? लावा की! अंधार पडल्यावर दिवा लावायचाच. पण आपण देवापुढेसुद्धा दिवा लावतो तो समोर ठेवतो, पायाशी ठेवतो, देवाच्या डोळ्यात नाही हो धरत! आणि इथे मी, बेंगळुरूच्या चामराजपेटेतली एक साधी बाई, हेल्मेटमध्ये डोकं घालून, स्कूटरवरून कडेकडेने, जीव मुठीत धरून चाललेली, तर समोरून येणारा प्रत्येक जण आपला मोठ्ठा दिवा थेट माझ्या तोंडावर! जणू काही मी काहीतरी चोरून नेतेय. अहो, रस्ता खाली आहे, माझ्या डोळ्यात काय शोधताय?

आणि प्रकार तरी किती! एक तो ऑटो. त्याचा एकच दिवा चालू, तोही उजवीकडचा की डावीकडचा हे जवळ आल्याशिवाय कळत नाही. आपल्याला वाटतं मोटारसायकल येतेय, आपण ऐटीत शेजारून जायला बघतो, आणि मग अंधारातून उरलेला अर्धा ऑटो बाहेर येतो! एक ती डबे पोचवणारी मुलं, त्यांच्या गाडीला पुढे लुकलुकणारे दिवे, जसा काही गणपतीचा मंडपच निघालाय. आणि बस? बसबद्दल मी काही बोलत नाही. बस आली की मी स्कूटर थांबवते, डोळे मिटते, रामरक्षा म्हणते. बस गेली की पुढे निघते.

बरं, मी माझ्या परीने करून बघते हो. समोरून कोणी आलं की मी आपण होऊन माझा दिवा खाली घेते. वाटेत ओळखीचं माणूस भेटलं की आपण आधी नमस्कार करतो ना, तसं. आपण केला की समोरचाही करेल. पण कुठलं काय! माझा नमस्कार त्यांना दिसतो, आणि उत्तर म्हणून दोनदा मोठा दिवा फटाक फटाक! म्हणजे काय, तर 'मी येतोय, बाजूला हो.' कुठे होऊ बाजूला? बाजूला गटार आहे!

आणि गंमत ऐका. हल्लीच्या स्कूटरचा दिवा दिवसासुद्धा चालूच राहतो, कंपनीनेच तसा करून दिलेला, बंद करायला बटणच नाही. तर भर दुपारी मी भाजीला निघाले की अख्खं बेंगळुरू माझ्या दिव्याची काळजी करतं! समोरचा पाची बोटं उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. सिग्नलला शेजारचे आजोबा वाकून सांगतात, "अम्मा, लैट चालू आहे." शाळेतली पोरं ओरडतात, "आँटी, लैट!" एका बाईने तर धापा टाकत मला गाठलं. मला वाटलं पर्स पडली! तर, "अक्का, दिवा चालू राहिलाय हो." म्हणजे उन्हात, जिथे माझ्या दिव्याने कोणाचं काडीचंही बिघडत नाही, तिथे एवढी माया. आणि अंधार पडला की हीच माणसं... अहो, रस्ता खाली आहे, माझ्या डोळ्यात काय शोधताय?

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास होतो तर शकुंतलाबाई, संध्याकाळी निघताच कशाला? तेच सांगते. दिवसभर मी घरातच असते. सकाळचा डबा, सासूबाईंची औषधं, आमच्या ह्यांचं दुकान, म्हणजे दुकान ते बघतात आणि त्यांना मी बघते. आठवड्यात दोन संध्याकाळी हनुमंतनगरला आमचं भजनी मंडळ असतं. मी पेटी वाजवते. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पण पेटी नाही सुटली. केस पिकल्यावर स्कूटर शिकले ती त्याच्यासाठीच, कारण ऑटोवाला नेहमी म्हणतो, "तिकडे नाही येत अक्का." तेवढे दोन तास माझे. बाकी सगळे घरच्यांचे. त्यात माझी काही तक्रार नाही हो, पण तेवढे दोन माझे.

आणि तेच दोन तास हातचे जायची वेळ आली होती. कोणामुळे? तर आमच्या शेजारच्या गुरुराजमुळे!

गुरुराज म्हणजे काय सांगू... सज्जन माणूस. सासूबाईंना रात्री दवाखान्यात नेलं ते त्यांनीच. सिलेंडर वर चढवून देतात, आंबे आले की पहिली पिशवी आमच्याकडे. पण गाडी? ती जीप आहे की गोदाम, काही कळत नाही. आणि तिचे दिवे! ते वळणावर यायच्या आधी त्यांचा उजेड येतो. समोरच्या घरातला कोंबडा एकदा आरवला होता, खोटं नाही सांगत!

तर त्या दिवशी मी येत होते, मागे आमच्या भजनी मंडळातली महानंदा बसलेली, मांडीवर टाळांची पिशवी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळले आणि समोरून सूर्य! म्हणजे सूर्यच. मला रस्ता दिसेना, गल्ली दिसेना, माझे स्वतःचे हात दिसेनात. मी ब्रेक दाबला आणि गेलो आम्ही दोघी शहाळ्याच्या गाडीच्या मागे, रिकाम्या शहाळ्यांच्या ढिगात! टाळ असे वाजले, असे वाजले की मागच्या घरातून कोणीतरी विचारलं, "आरती सुरू झाली का?" महानंदा ढिगातूनच म्हणते, "शकू, आपण पोचलो का गं?"

गुरुराज धावत आले. "अय्यो अक्का, लागलं का?" आणि बघायला म्हणून मोबाईलचा दिवा लावला... कुठे? माझ्या डोळ्यात!

लागलं काही नाही. पण स्कूटरचा पुढचा पत्रा चेपला, आरसा गेला, आणि घरी हे दारातच उभे. आमचे हे ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते शांतपणे म्हणाले, "शकुंतला, आता पुन्हा एक ओरखडा दिसला, तर स्कूटर विकायची. पेटी घरी वाजव." एवढंच, आणि जेवायला बसले.

पेटी घरी वाजव! घरी पेटी उघडली की कुकरची शिट्टी होते, बेल वाजते, सासूबाई विचारतात, "कोण रडतंय?"

मी गुरुराजना सांगितलं ना! चांगल्या शब्दांत सांगितलं. म्हटलं, "स्वल्प दिवा खाली घेत जा हो, समोरच्याला काही दिसत नाही." तर त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "अक्का, दिवा खाली घेतला तर मी येतोय हे लोकांना कसं कळणार? त्यांच्या भल्यासाठीच लावतो मी!" म्हणजे माझ्या भल्यासाठी मी शहाळ्यांत बसले होते!

मग मला एक आठवलं. माझ्या वडिलांची मेटॅडोर होती. तिच्या दिव्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग असायचा. सगळ्याच गाड्यांना असायचा. म्हणजे उजेड वर जायचाच नाही, आपला मुकाट रस्त्यावर पडायचा. आता गुरुराजच्या गाडीला मी काळा रंग कसा लावणार? पण खंडेनवमी तोंडावर आली होती! आपण खंडेनवमी म्हणतो, शेजारी आयुधपूजा म्हणतात, पण चाकाखाली लिंबू सगळेच ठेवतात. आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची पूजा दरवर्षी माझ्याच हातून होते. म्हणतात, अक्काच्या हाताला गुण आहे.

मी काय केलं, हळद-कुंकू तेलात कालवलं. घट्ट. दरवर्षी दिव्याला एक बोट लावते, यंदा गुरुराजच्या गाडीपुढे उभी राहिले आणि चारही बोटं! दोन्ही दिव्यांचा वरचा अर्धा भाग लालेलाल. मनात म्हटलं, देवी, माफ कर, पण तुझ्या नावाचं कुंकू पुसायची हिंमत या गल्लीत कोणाची नाही. आणि गुरुराजच्या डोळ्यात पाणी! "अक्का, माझ्या गाडीसाठी एवढं केलंत?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात टेंपोवाला फत्तेसिंग रुसला. "वहिनी, त्यांना एवढं आणि आम्हाला नुसता टिळा?" घ्या! त्यालाही लावलं. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. शेवटी आमचे हे म्हणाले, "आणि आपल्या स्कूटरला?" सगळी गल्ली बघतेय. नाही कशी म्हणू? लावलं. चारही बोटं.

पण तुम्हाला सांगते, काय ते सुखाचे दिवस गेले! गुरुराजची गाडी यायची ती तांबूस, मंद, सांजवेळेसारखी. फत्तेसिंगचा टेंपो तर नुसता लाजल्यासारखा यायचा. गाड्या धुतानासुद्धा लोक कुंकवाभोवती जपून फडकं फिरवायचे. पहिल्यांदाच मला माझ्या गल्लीतले खड्डे दिसले! म्हणजे समोरून उजेड नव्हता म्हणून. माझ्या दिव्याने दिसले असं नव्हे, कारण माझा दिवाही कुंकवाखाली गेलेला. हनुमंतनगरच्या उतारावर तर मी अंदाजानेच जायचे. हे म्हणाले, "पुसून टाक की." मी म्हटलं, "खंडेनवमीचं कुंकू पुसू? मी?" स्वतःच लावलेलं, स्वतःलाच पुसता येईना.

आणि मग एका संध्याकाळी मी स्कूटर काढत होते, हे दारात, तर गुरुराजची बायको भव्या, त्या दिवशी सुट्टीवर होती, हसत हसत आली. "अक्का, जरा ताट घेऊन या ना!" मी म्हटलं आता कसली पूजा? बघते तर काय, गुरुराजच्या गाडीच्या टपावर एक लांबलचक नवी दिव्यांची पट्टी! या टोकापासून त्या टोकापर्यंत! गुरुराज म्हणाले, "पूजेपासून खालचे दिवे मंद झालेत अक्का. कुंकू कसं पुसणार? देवीचं आहे, शिवाय तुमच्या हातचं आहे. म्हणून वर नवे बसवले. आता याही दिव्यांना तुमचं एक बोट लावा." मी मान वर करून पाहिलं. माझा हात तिथवर पोचेना हो!

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गुरुराजनी माझ्या स्कूटरकडे बघितलं, आणि त्यांचा जीव कळवळला. "अक्का, तुमचाही दिवा मंद झालाय! अशा कशा जाता तुम्ही अंधारातून? नाही नाही. भव्या कामावरून येते तेव्हा तिला आणायला मी त्याच वाटेने मेट्रो स्टेशनवर जातोच. यापुढे तुम्ही पुढे चला, मी मागून उजेड देतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोला काहीतरी! तर ह्यांचा चेहरा असा खुलला, असा खुलला... "हे उत्तम झालं. आता मला काही काळजी नाही. खुशाल जा शकुंतला, आणि स्कूटर विकायचं डोक्यातून काढून टाक."

झालं! आता मी जाते. पुढे माझी स्कूटर, मागे गुरुराजचा दिवसासारखा लख्ख उजेड. दोन्ही आरसे, जुना आणि नवा बसवलेला, मी आकाशाकडे वळवलेत. खड्डा दिसतो, गटार दिसतं, रस्त्यावर माझीच सावली पार हनुमंतनगरपर्यंत पसरलेली दिसते. समोरून येणारे डोळ्यांवर हात धरतात, कडेला थांबतात, आणि मलाच ओरडतात, "अक्का, डिम माडी! दिवा खाली घ्या!" मी काय घेणार खाली? मी आपली एका हाताने नमस्कार करते, अंगठ्याने मागे दाखवते, आणि जाते.

येतानाही तेच, भजन संपेपर्यंत दोघं माझ्यासाठी थांबलेली असतात. भव्या पुढच्या सीटवरून हात हलवते, गुरुराज काच खाली करून विचारतात, "दिसतंय ना नीट, अक्का?"

"दिसतंय हो," मी म्हणते, "सगळं दिसतंय."

काय करू? माणूस वाईट असता तर कधीच भांडले असते. चांगला आहे हो, तिथेच तर सगळं अडलंय!