बापाच्या नावानं तख्तावर

माहं गाव वर्धा नदीच्या काठचं, चंद्रपूरकडलं, पऱ्हाटीचं अन् तुरीचं, अन् घर आता हे फरीदाबादेत, या दोघांच्या मधात सारी जिंदगी गेली. शाळा म्हणाल तर तिसरी, तेही पुरी नाही. मास्तरनं एकदा विनाकारण हाणलं तं मी परत गेलोच नाही, मायनं समजावलं, बापानं समजावलं, नाही म्हणजे नाही. माही बायको म्हणते तुमच्या टाळक्यात लोखंड भरलं आहे. मी म्हणतो बाई, त्याच लोखंडावर तुही चूल पेटली. खोटं नाही, कारखान्यात मी लेथवर होतो.

माहा बाप डफडं वाजवे. शौक म्हणून नाही, गावकी म्हणून. पाटलाचं लग्न असो का कोणाची मयत, हाक आली का डफडं गळ्यात टाकून धावाचं, आधी पाया पडाचं, मंग वाजवाचं, अन् मागच्या दारी शिळंपाकं घेऊन याचं. बुद्धाची दीक्षा घेतली तसं त्यानं डफडं उतरवलं ते उतरवलंच, गावानं पाणी तोडलं तरी परत गळ्यात घातलं नाही. पण हातातला ताल कुठं जाईल? मंग त्यानं ढोलकी घेतली, अन् आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच लोकायसाठी वाजवली. मले शिकवताना एकच म्हणे, कोणाच्या पाया पडून वाजवू नको बेटा. ताल चुकला तं हसे, पण हे सांगताना हसत नसे.

तो नागपूरच्या पुढं कधी आला नाही. मी आलो, पोटासाठी आलो, अन् येताना ढोलकी बरोबर आणली. इथं कोण ऐकते ढोलकी? शेजारी बिहारी, वरती पंजाबी, सगळे शिफ्टचे थकलेले. पण कारखान्यात माह्या बाजूच्या मशीनवर किशन होता, मथुरेच्या वाटेवरल्या होडलच्या पलीकडल्या एका गावचा. मशीन बंद झालं का हा रसिया म्हणे. रसिया म्हणजे तिकडलं ब्रजचं गाणं, राधा-कृष्णाचं, थट्टेचं, भांडणाचं. मी एक दिवस तेलाच्या डब्यावर बोटं वाजवली तं हा गाता गाता थांबला अन् म्हणे, अरे मराठे, तू तो छुपा रुस्तम निकला. तिकडं मराठी बोलणारा कोणीही असो, त्याले मराठाच म्हणतात, मी सांगून सांगून थकलो.

मंग काय सांगू तुमाले ताई, सुटीचा दिवस आला का आम्ही पलवलची शटल गाडी पकडाचो. पलवल, हथीन, होडल, कोसी, ज्या गावचा बाजार असंल तिथं. म्हशींचा बाजार, गुळाच्या भेल्या, दोरखंड, हुक्क्याच्या चिलमी, लुगडी इकडची तिकडं उडून रायलेली, अन् गाव सोडलं का दोन्हीकडं सरसूचं, म्हणजे मोहरीचं, पिवळं शेत, डोळे दुखतीन इतकं पिवळं. मले माह्या गावची आठवण येई असं म्हणाल, तं नाही. आमच्याकडं माती काळी. पण बाजारातली माणसं तीच, ओरडून भाव करणारी अन् मंग बसून चहा पाजणारी.

अन् होडलच्या मंडीच्या मागच्या मैदानात होळीनंतर दंगल. कुस्तीची नाही, गाण्याची. दोन तख्तं समोरासमोर. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकाचा, दुसरीनं गाण्यातूनच जबाब द्याचा. माणसाएवढा नगारा, त्याले बंब म्हणतात, उभं राहून दांडक्यानं वाजवतात, छाती हालते. किशनच्या पार्टीचे एक उस्तादजी होते, उंच, लांब मिशा, आवाज असा का मंडीतले बैल कान फिरवत. त्यायनं माही ढोलकी ऐकली अन् म्हणे, दर सुटीले रियाजाले ये. मी जात गेलो. रियाजात मी, पण दंगलीच्या दिवशी खाली, सतरंजीवर.

काऊन, तं त्यायचा कायदा. तख्तावर बसणारा कोणत्या तरी उस्तादाचा पाहिजे. उस्तादाच्या पाया पडाचं, त्यानं आपल्या हातानं साफा, म्हणजे फेटा, बांधाचा, अन् वर चढलं का पुकारणारा नाव पुकारते, अमुक उस्तादाचा शागिर्द तमुक. ज्याले गुरू नाही तो निगुरा, त्याच्या तालावर गाणं म्हणजे अपशकुन. मी म्हटलं, माहा गुरू माहा बाप. ते म्हणे, बाप बाप असतो, उस्ताद उस्ताद. किशन मले भांडे, अरे भाई, एक बार पाँव छू ले, क्या घिस जाएगा तेरा? मी म्हटलं, घिसणार काहीच नाही, माह्या बापानं जे उतरवलं ते परत चढंल. त्याले समजलं नाही. मी समजावलंही नाही. उस्तादजींचा राग नव्हता मले, माणूस सोन्यासारखा, त्यायच्या घरी भाकर खाल्ली, त्यायच्या खाटेवर झोपलो. पण पाया पडून वाजवणं नाही. असे किती फागुन गेले, मी खाली अन् दुसऱ्याचं ढोलक वर. अन् सांगू का, मले वाटे लय. वर बसावं वाटे. माही दाढी पांढरी झाली खाली बसून.

यंदा किशनचा फोन आला. त्यायच्या ढोलकवाल्याचा हात लकव्यानं गेला. म्हणे, तू येशील तं पार्टी बसंल, नाही तं उस्तादजींची ही शेवटची दंगल रद्द. बायको म्हणे, गुडघे पाहा आधी स्वतःचे, तिथं कोण ऐकाले बसलं आहे तुमचं? मी ढोलकी खांद्याले लावली अन् निघालो. शटलमध्ये जागा नाही, उभ्यानं गेलो. होडल आता ओळखू येत नाही. म्हशी गेल्या, मोबाईलची दुकानं आली, अन् गाडीवर भिंतीएवढे स्पीकर लावून पोट्टे नाचून रायले. मैदानात आमचे दहा-बारा म्हातारे, मुळे विकणाऱ्या दोन बाया, अन् एक बकरी.

उस्तादजी खुर्चीवर. मिशा तेवढ्या उरल्या, बाकी माणूस वाळून गेला. साफा मांडीवर. सगळे माह्याकडं पाहून रायले. मी म्हटलं, उस्तादजी, मी वाजवाले आलो, वाकाले नाही. किशननं कपाळावर हात मारला. उस्तादजी चिडले. म्हणे, मराठे, तू मरेगा तो चिता पर भी अड़ के बैठेगा. मांडीवरचा साफा माह्याकडं सारला. मंग म्हणे, माहे हात कापतात, मले आता साफा बांधता येत नाही, आपला आपण बांध. अन् पुकारणाऱ्याले म्हणे, याच्या बापाचं नाव विचार अन् तेच पुकार.

मी साफा आपल्या हातानं बांधला, वर चढलो, तं त्यानं पुकारलं. उस्ताद तुळसीराम विदर्भवाले, उनके शागिर्द, अन् पुढं माहं नाव. ताई, जे ऐकाले मी इतके वर्षं बसलो ते कोणी ऐकलं? स्पीकरचा दणदणाट चालू होता. एका मुळ्यावालीनं मान वर करून पाहिलं, बस.

बंब वाजला. किशननं सवाल टाकला, गवळण विचारते, तू मथुरेले गेलास, आता आमच्या गाईंनी कोणाच्या हाकेवर फिरावं? मी वाजवलं, बापानं शिकवलं तसं वाजवलं. सवाल संपला अन् समोरचं तख्त रिकामं. कोसीची पार्टी आलीच नव्हती. त्यायचा उस्ताद मेला, पोरं नोएडात कॅब चालवतात. सवालाले जबाब नाही म्हणजे आम्ही जिंकलो, असा कायदा. पण कोणी टाळी वाजवली नाही. जिंकून करतं काय माणूस?

तेवढ्यात उस्तादजी उठले. काठी टेकत टेकत मैदान ओलांडलं अन् समोरच्या तख्तावर जाऊन बसले, दुश्मनाच्या जागी. तिथून मले हात केला. किशन म्हणे, कायद्यात नाही बसत, अपना ढोल उधर नहीं जाता. उस्तादजी ओरडले, कायदा मैंने बनाया था, आ जा. मी ढोलकी घेतली, गुडघे कुरकुर करून रायले, उतरलो, चालत गेलो, तिकडं बसलो. अन् फाटक्या आवाजात त्या माणसानं जबाब दिला, गाईले सांग, हाक देणाराच वाट चुकून गेला, आता त्यालेच कोणीतरी हाक मारा. त्या आवाजामागं मी हळू वाजवलं. जोरात वाजवलं असतं तं आवाज बुडाला असता.

येताना किशन शटलपर्यंत सोडाले आला. म्हणे, पुढच्या फागुनात? मी म्हटलं, पाहू. त्यालेही माहीत, मलेही माहीत.

आता थकलो जी. गुडघ्याचा डॉक्टर म्हणतो बदलून टाका, मी म्हटलं नाही. बापाचं नाव परमुलखात घेतलं गेलं, कमी लोकायनं ऐकलं, पण घेतलं गेलं अन् मान न वाकवता घेतलं गेलं. यापेक्षा जास्त मागाले आता अंगात दम नाही. तुम्ही मेट्रो बदलत बदलत इतक्या दूर आल्या, म्हाताऱ्याचं बसून ऐकलं, तुमचं भलं होवो. उन्हं उतरली, निघा आता. जयभीम.