गोड्या पाण्याचे बोंबील

माझं माहेर मढ आणि सासर पण मढच. लग्नात वरात काढली ती बँडवाल्यांना जरा वाजवायला मिळावं म्हणून गावाला उगाच वळसा घालून काढली, नायतर आमच्या ओट्यावरून हाक मारली तर त्यांच्या ओट्यावर ऐकू जाईल एवढंच अंतर. बाप बोटीवर, आय मासळीची टोपली घेऊन मालाडच्या बाजारात, मंग आमी पोरं काय, दिवसभर वाळूत. शाळेत गेली मी थोडी, नाय असं नाय, पण खरी शाळा ती वाळूतच झाली.

तुमी येताना बघितली असतील, बांबू रोवलेले आणि त्यांच्यामधी आडव्या दोऱ्या, त्याला आमी वलांडी बोलतो. बोंबील सुकवायची जागा. आता बोंबील कसा टांगतात ते माहीत हाय तुमाला? चिमटा नाय, सुई नाय, काय नाय. एका बोंबलाचा जबडा उघडायचा, दुसऱ्याचा जबडा त्याच्यात अडकवायचा, आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडं, एक तिकडं. दात असतात त्याला, बारीक, पण लागतात बरोबर. माझ्या आयनं मला शिकवलं तेव्हा माझी बोटं सोलून निघाली, मी रडली, तर ती बोलली रड ना, पण हात थांबवू नको. अशी व्हती माझी आय. मी पण तशीच हाय, लोक सांगतात.

आमच्यात वलांडीच्या जागेचा कागद नसतो बघा. ज्याची दोरी त्याची जागा. दिवाळी झाली, सुका वारा सुटला की ज्यानं त्यानं आपली दोरी चढवायची, आणि एक हंगाम जर तुमची दोरी रिकामी राहिली तर पुढच्या वेळी तिथं दुसऱ्याची चढते, त्यात भांडण नाय, तशीच रीत हाय. माझ्या सासूची जागा, मंग माझी झाली. माझे मालक, म्हणजे नवरा, वारले तरी मी एक हंगाम चुकवला नाय. पण हे गुडघे. काय सांगू तुमाला, उभं राहिलं की बसवत नाय आणि बसलं की उठवत नाय. पोरगा माझा नितेश, बोटीवर जातो, लग्न अजून व्हायचंय त्याचं, म्हणजे घरात टांगायला दुसरे हात नाय. तो बोलला, आय, यंदा शेवटचं, आता बस झालं, वलांडी सोडून दे. आणि शेजारच्या दोरीवर शेवंता, तिला तीन सुना, तिनं नवीन बांबू आणून ठेवलेले आधीच. तिला मी वाईट नाय बोलणार. मी पण तेच केलं असतं. पण बघा, मी गेल्यावर जाऊ दे जागा, पण मी समोर ओट्यावर बसलीय आणि माझ्या जागेवर शेवंताचे बोंबील लटकतायत, हे मला बघवणार नव्हतं.

मुलगी माझी सुगंधा कांदिवलीला दिलीय, टावरमधी चौदावा माळा. जावई प्रशांत मालवणकडचा, बाप गिरणीत व्हता त्याचा, हा आता कॉम्प्युटरवर काम करतो, माणूस भला, बोलका. त्यांची दोन पोरं, तन्वी आठवीत आणि ओम धाकटा. आता सुगंधाचं असं की लहानपणी मी तिला शाळेच्या आधी टांगायला लावायची, आणि वर्गात पोरी तिच्या वेणीचा वास आला की नाक धरायच्या. ते तिच्या मनातून गेलं नाय. ती मला स्पष्ट बोलली, आय, पोरांना भेटायला आणीन, पण बोंबलाला हात लावायला सांगशील तर नाय आणणार. मी बोलली बरं बाई.

पण मी काय गप्प बसणारी हाय? मी बोंबलाचं नावच काढलं नाय. मी पोरांना फोनवर बोलली, खेकडे, चिंबोऱ्या पकडायला येता का रे? झालं! शनिवारी मालाडवरून बस पकडून दोघं हजर, बापाला घेऊन. ओहोटीला त्यांना खडपात, त्या काळ्या खडकांत नेलं, म्हणजे मी काठी टेकत काठापर्यंत आणि नितेश पुढं. काडीला सुतळी, सुतळीला माशाचं डोकं, आणि कपारीत सोडायचं, चिंबोरी धरते आणि सोडत नाय, हावरट जात. ओमच्या अंगठ्याला एकीनं धरलं, बोंबलला पोरगा असला, पण घरी जाताना बापाला बोलतो काय, पप्पा, पुढच्या शनिवारी परत. मंग गरी, म्हणजे गळ, टाकायला शिकले, शिंपल्या वेचल्या, चुलीत सुका बोंबील भाजून भाकरीबरोबर खाल्ला. मोबाईल विसरून जायचे हो दोघं. तन्वीनं तर एकदा हरवला, दुपारी सापडला तो जाळ्याच्या ढिगात.

आणि मंग एक दिवस तन्वीच आली वलांडीवर. मी स्टुलावर बसून टांगत व्हती, ती बघत उभी राहिली, मंग बोलली, आजी, दे ना मला. मी बोलली, नको गं, तुझी आई ओरडेल. बोलली, मम्मी कुठं हाय इथं? बघा, रक्त कुणाचं हाय ते! पहिल्याच जोडीला बोट सोललं, ती ओरडली, शी यार, पण हात थांबवला नाय. मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाय, तुमाला सांगते, माझ्या आयला कोणीतरी उठवून दाखवावं असं वाटलं. ओमला जुना पत्र्याचा डबा दिला, कावळे हाकायचं काम, तो डबा असा बडवायचा की कावळ्यांबरोबर शेवंता पण पळायची. असे रविवारमागून रविवार आमची दोरी भरत गेली, आणि नितेश पण वलांडी सोडायचं बोलायचा बंद झाला.

आता ऐका वाट कशी लागली ती. एका रविवारी बोटीला जाम बोंबील आला. जावई बोलला, आई, आज मी पण मदत करतो. मला वाटलं झकास, घरातली सगळी माणसं कामाला. आमी दोरीकडं, तो मागच्या अंगणात धुवायला. त्यानं काय केलं, नळाला पाईप लावला आणि सगळी मासळी गोड्या पाण्यानं अशी स्वच्छ, अशी स्वच्छ धुतली, दोन-दोनदा. अहो, बोंबील समुद्राच्या पाण्यात धुवायचा असतो! गोडं पाणी लागलं की तो फुगतो, नरम पडतो, सुकायच्या आधी सडतो. माझं लक्ष नव्हतं, पोरं टोपल्या आणत व्हती, आमी टांगत व्हतो, हसत व्हतो. दुपारनंतर जबडे सुटायला लागले. टप, टप, एक एक जोडी वाळूत. कावळ्यांची पंगत बसली, ओमचा डबा पण ऐकेनात. जावयाचा चेहरा एवढासा झाला. बोलतो, आई, आमच्या गावाक बांगडे असेच धुतत, विहिरीच्या पाण्यान, मगे मीठ लावतत. मी बोलली, बाबा, तो बांगडा, हा बोंबील, ह्याला आमी मीठ पण लावत नाय. त्यानं तर चांगल्या मनानं केलं.

पण गाव ऐकतं का? जावयानं बोंबलाला आंघोळ घातली, अख्ख्या कोळीवाड्यात तेच. तन्वी एवढी रडली, बापाला बोलली, तुला कोणी सांगितलं व्हतं यायला? आणि तिकडं कांदिवलीला सुगंधाला कळलं. कळलं म्हणजे काय, पोरं टांगतायत हे तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं! तिचा फोन आला, आय, तू मला फसवलंस.  खरंच व्हतं ते. तिनं फोन ठेवला. आठवडाभर काय नाय, ना पोरांचा फोन, ना तिचा. मला घास गोड लागेना. आणि शनिवारी पोरं आलीच नाय. मी नितेशला बोलली, सोड दोरी. उद्या सकाळी सोडून टाक, शेवंताला सांग. बोलली आणि तोंड फिरवलं मी.

रविवारी सकाळी नितेश गेला, वरच्या दोरीचं एक टोक सोडलं पण त्यानं. मी ओट्यावरून बघत व्हती, बघायचं नव्हतं तरी बघत व्हती. तेवढ्यात समुद्राकडून तिघं येताना दिसले. जावई पुढं, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, दोन्ही हातांत बादल्या. मागं पोरं. घरी न येता सरळ पाण्यावर गेलेली ही माणसं! जावई लांबूनच ओरडला, आई, खारा पाणी हाडलंय! मला हसू पण येईना आणि रडू पण थांबेना. आणि त्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून, नाकाला ओढणी लावून, खांद्याला पर्स, सुगंधा.

 बोटीची मासळी त्या पाण्यात धुऊन पोरं खालच्या, अजून बांधलेल्या दोरीवर टांगायला लागली, सुगंधा उभी राहून बघत व्हती. तन्वीनं एक जोडी उलटी अडकवली, ती घसरली. सुगंधा पुढं झाली, बोलली, अशी नाय गं, आणि तिच्या हातातून घेऊन टांगली. मंग दुसरी. मंग तिसरी. पर्स खांद्यालाच, नजर समुद्राकडं, आणि हात असे चाललेले की पोरं तोंडाकडं बघत राहिली. तन्वी बोलली, मम्मी, तुला येतं? सुगंधानं पुढची जोडी उचलली. ओढणी कधीच गळ्यात आलेली.

तेवढ्यात शेवंता आली. तिचं पण चुकलं नाय, नितेशला टोक सोडताना तिनं बघितलेलं. बोलली, काय गं, सोडली ना तुमी? आता कोणाची दोरी ही? नितेश माझ्याकडं बघतोय. सोड म्हणून मीच सांगितलेलं.  आणि सुगंधा, माझी टावरवाली सुगंधा, मान वर न करता बोलली, आमची हाय ती, काकी. नितेश, बांध ते टोक.

संध्याकाळी जायच्या आधी इथंच न्हाली, अर्धी बाटली शाम्पू संपवला बाईनं, ते सोडा. आता परीक्षा झाल्या की पोरं महिनाभर राहायला येतायत. गुडघे गेले ते गेले, ते काय परत येणार नाय, मी स्टुलावर बसते आणि सगळ्यांवर ओरडते. जावयाला पाण्याचं काम दिलंय, कायमचं. बरं, ते रेकॉर्डिंगचं मशीन बंद करा आता, पुडी बांधून देते बोंबलाची, नाय बोलायचं नाय. पोरांची हाय टांगणी, थोडी वाकडी असेल. सुखात राहा, आणि तुमची पोरंबाळं असतील तर एकदा घेऊन या, ओहोटीच्या वेळेला.