ढवळ्याला बाहेर काढा

मंडळी, सुमनबद्दल बोलायला मला उभं केलंत, पण डोळ्यांपुढे एकच दुपार येते. कॉन्व्हेंटच्या निळ्या फ्रॉकमधल्या आम्ही दोघी, तिच्या राजवाड्याच्या देवडीत, ढवळ्याच्या पाठीवर बसून भिवापुरी तिखट लावलेले पेरू खातोय. ढवळ्या म्हणजे तिच्या आजोबांनी गल्लीतल्या लेकरांसाठी घडवून घेतलेला मोठा, चाकांचा लाकडी बैल.

तान्ह्या पोळ्याला लेकरं आपापले छोटे बैल घेऊन त्याच्यामागे निघायची. सुमन प्रत्येकाच्या हातावर बोजारा ठेवायची. कधी लाडू, कधी पेन्सिल.

मग राजवाड्याचं हॉटेल झालं. आपण बसलोय त्या हॉलवर 'राणीमहाल' लिहिलंय. अहो, हे धान्याचं कोठार होतं! राणी आलीच असेल, तर उंदीर हाकलायला. आणि ढवळ्या? तो लॉबीत, दोरीच्या आत. पाटी काय? 'राजपुत्राचे खेळणे. हात लावू नये.'

सुमनला मागच्या दोन खोल्या उरल्या. तिनं एकच मागितलं. वर्षातून एक दिवस ढवळ्याला बाहेर सोडा.

तिचा भाचा विक्रम म्हणाला, "आत्या, गेस्टना त्रास होतो."

ती कॉन्व्हेंट विसरली. "काहून गा बाबू, तू त्याच्या पाठीवर मुतला होता, तवा कोनाले त्रास नाही झाला?"

त्यानंतर दर तान्ह्या पोळ्याला ती गेटबाहेर, फुटपाथवर खुर्ची टाकून बोजारा वाटायची. लेकरं विचारायची, "आजी, ढवळ्या कुठी हाय?"

"मोठा मानूस झाला थो. ओळख नाही देत आता."

हसायची. मग पदर डोळ्यांना लावायची. मी शेजारीच असायचे.

आज तिच्या फोटोला लॉबीत हार आहे. 'आमच्या राजकुमारी.' हॉटेलवाले, जिवंतपणी या राजकुमारीला मागच्या दारानं जा म्हणत होतात ना?

दवाखान्यात तिनं मला सांगितलं, ते सांगते. विक्रम, समोर बसला आहेस, ऐक. वास्तू तू हॉटेलवाल्यांना दिलीस. ढवळ्या तुझा नव्हता, आत्याचा होता. तुला माहीत आहे.

तिचं हिरवं लुगडं तिची सेवा करणाऱ्या शांताबाईंना. शेवटचा घास त्यांनी भरवला. कपाटातला बोजाऱ्याचा डबा लेकरांना. ढवळ्या गल्लीच्या समाजमंदिरात, दोरीशिवाय.

आता उभे राहू. पण शांतता पाळू नका. चौघं पुढे या, ढवळ्याला हात लावा, पुढच्या दारानं काढा. करकरू द्या त्याची चाकं.

आणि ती पाटी विक्रमला द्या.